शेंग धरू दे

रविवारी सकाळी टेकडीवर निघणाऱ्या कुठल्याही निसर्गमंडळात तीन माणसं हमखास सापडतात. एक नाव सांगणारा, एक फोटो काढणारा आणि एक, ज्याच्या पिशवीत सगळ्यांना पुरेल एवढी साबुदाण्याची खिचडी असते. पहिल्या दोघांचं आपसात वाजतं. तिसऱ्याशी वाकडं घ्यायची कोणाची टाप नसते. पुण्यातल्या आमच्या मंडळात चौथाही एक नग आहे. हजेरीच्या वहीत त्यांचं नाव-आडनाव व्यवस्थित लिहिलेलं असतं, पण टेकडीवर त्यांना सगळे जीनसकाका म्हणतात आणि तेही या नावाला ओ देतात.

जीनसकाका म्हणजे झाडाच्या नावातलं पहिलं पद छातीठोकपणे सांगून दुसऱ्या पदाच्या दारात थबकणारा माणूस. लिनियसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटारम’ काढून झाडांना दोनपदी नावांची शिस्त लावली. पहिलं पद जीनसचं, दुसरं स्पीशीजचं. काकांच्या मते पहिल्या पदातून झाडाचं घराणं कळतं आणि दुसऱ्यातून सांगणाऱ्याचा आगाऊपणा. कोणी रोप दाखवलं की ते भिंग काढतात, बराच वेळ हुंकार देत बसतात, जीनस सांगतात. पुढचं विचारलं की भिंग खिशात घालून म्हणतात, “शेंग धरू दे.”

हे वाक्य त्यांनी झाडांपुरतं राखून ठेवलेलं नाही. काका सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. तिथे म्हणे त्यांच्या टिपणीला फार मान होता, कारण तिच्यात कोणालाही कशातही अडकवता येत नसे. मंडईतून काय आणलं, असं काकूंनी विचारलं तर उत्तर येतं, “पालेभाजी.” कुठली? “निवडून तर होऊ दे.” कोणाचा फोन होता? “नात्यातला.” भाचीसाठी मुलगा बघून आले तेव्हा सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. काका पाणी प्यायले, रुमालाची घडी घातली आणि अहवाल दिला, “घराणं चांगलं आहे.” आणि मुलगा? “शेंग धरू दे.” या उत्तराचा अर्थ कसा लावायचा यावरून घरात दोन तट पडले. लग्न मात्र झालं. पुढे भाचीला जुळं झालं तेव्हा पेढा खाता खाता काका एवढंच म्हणाले, “आता बघू.”

पण काका खुलतात ते भाद्रपद-आश्विनात. पावसाची झड सरलेली असते, वेताळ टेकडीवरचा मुरूम अजून ओलसर असतो आणि गवताच्या बुडाशी लालभडक ठिपके दिसायला लागतात. उभ्याने बघितलं तर कोणाची तरी बांगडी फुटून काचा सांडल्यात असं वाटावं. गुडघे टेकले की कळतं, ही फुलं आहेत. जेमतेम चार-पाच मिलिमीटरची, पण वाटाण्याच्या फुलाचा सगळा थाट त्यात आहे: मागे ध्वज, बाजूंना दोन पंख, खाली नौका. रोप वर्षभराचाही सोबती नाही. पावसाबरोबर उगवायचं, थंडीत वाळून जायचं आणि मधल्या काळात आपल्यासारख्यांची भांडणं लावून द्यायची, एवढंच त्याचं आयुष्य.

मंडळातले नाव सांगणारे गृहस्थ अशा वेळी वाकायच्याही आधी बोलतात. “शेवरा! अ‍ॅलिसिकार्पस!” काका शांतपणे विचारतात, “केस बघितलेत का?” त्या दिवशी मंडळात पहिल्यांदाच आलेल्या एक बाई हे ऐकून डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. काकांना झाडाचे केस म्हणायचे होते.

मग काका चक्क पालथे पडतात. भिंग डोळ्याला, डोळा पानाला. पानावरची लव आपल्याला नुसती पांढुरकी दिसते. दहापटीच्या भिंगातून तिचा प्रत्येक केस दोन हातांचा निघतो: मधोमध पानाला चिकटलेला आणि दोन्ही दिशांना पानालगत आडवा पसरलेला. हे दुहाती केस सापडले की अर्धी लढाई संपली. मग परागकोशांची टोकं बघायची. तिथे बारीकसं टोपण असतं. नौकेच्या दोन्ही अंगांना एकेक फुगीर टेंगूळ हवं. पुंकेसर दहा, त्यातले नऊ एकत्र आणि एक फटकून. एवढं जमलं की काका उठून उभे राहतात, पोटावरची माती न झटकता हात वर करतात आणि जाहीर करतात, “इंडिगोफेरा.”

म्हणजे निळीचं घराणं. जगभरात साडेसातशेच्या आसपास जाती असलेलं, शेंगांच्या कुळातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं जीनस. इथे काकांच्या आवाजात एक सरकारी भारदस्तपणा येतो. याच घराण्यातल्या टिंक्टोरियाच्या पानांपायी १८५९ मध्ये बंगालच्या रयतेने मळेवाल्यांविरुद्ध बंड केलं. याच निळीच्या सक्तीपायी १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले. तोवर खरं तर जर्मनीत कृत्रिम नीळ निघून तिचा धंदा १८९७ पासून सुरूही झाला होता. “आणि गंमत बघा,” काका म्हणतात, “फूल लाल, नीळ पानात, आणि तीही पानं पाण्यात आंबवल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे वरून बघून काही बोलायची सोयच नाही.” हे शेवटचं वाक्य नाव सांगणाऱ्यांकडे बघून म्हटलेलं असतं.

व्याख्यानानंतर प्रात्यक्षिक. काका गवताची काडी घेऊन फुलाच्या नौकेवर हलकेच दाबतात. नौका झटकन खाली पडते आणि तिच्यात दडपून ठेवलेला पुंकेसरांचा दांडा उसळून वर येतो. माशी बसली की तिच्या पोटाला असाच पराग थापला जातो. एका फुलात एकच बार. तो उडाला की पंख आणि नौका गळून जातात. मंडळी “आहा!” म्हणतात. मागे उभ्या असलेल्या लहान मुलांसाठी काका पुन्हा एक बार उडवतात, मग उशिरा आलेल्यांसाठी आणखी एक. फोटो काढणारे गृहस्थ तिकडे तिपाई उभी करून लेन्स बदलून येतात तोवर त्या रोपावर उडवायला एकही फूल शिल्लक नसतं. त्या दोघांचं बोलणं पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद असतं.

आता कोणाला वाटेल की काकांना पुढचं येत नसेल म्हणून ते थांबतात. तसं असतं तर सोपं होतं. काकांना सगळं येतं. लांबट, एकेरी पान आणि वाटोळी, एका बीची, चंदेरी शेंग असेल तर लिनिफोलिया. हृदयाच्या आकाराचं एकेरी पान, त्यावर पांढरट लव आणि दोन बियांची आखूड शेंग असेल तर कॉर्डिफोलिया. पिसासारखं विभागलेलं पान आणि सगळं रोप जमिनीला धरून पसरलेलं असेल तर लिनेई, म्हणजे भुईगुळी. एका देठावर तीन पर्णिका आणि त्यांच्या खालच्या अंगाला ग्रंथींचे ठिपके असतील तर ग्लँड्युलोसाकडे बघावं. तोच आपला बरबडा, ज्याच्या बियांचं पीठ करून लोकांनी दुष्काळ काढले. हे सगळं काका झोपेत म्हणून दाखवतील. पण समोरच्या रोपाला त्यातलं एक नाव लावा म्हटलं की त्यांच्या अंगात जुनी फाइल संचारते.

“काका, पान हृदयाच्या आकाराचं आहे.”

“दिसतंय खरं.”

“वर पांढरी लव आहे.”

“आहे.”

“मग कॉर्डिफोलियाच ना?”

“पान नोंदीत घ्या, निकालात नको. शेंग धरू दे.”

एकदा हे चाललं असताना एक आजी शेळ्या घेऊन टेकडीवर आल्या. लोकांचं ज्ञान जपलं पाहिजे असं मानणारा एक उत्साही तरुण मंडळात आहे. तो वही उघडून पुढे झाला. “आजी, याला तुम्ही काय म्हणता?” आजींनी वाकून बघितलं. “गवात हाय.” “हो, पण नाव काय त्याचं?” “शेळ्या खात्यात.” तरुणाने वही मिटली. काकांचा चेहरा मात्र उजळला. “ऐकलंत? जेवढं नक्की तेवढंच बोलल्या. कुळापर्यंतसुद्धा गेल्या नाहीत. आपल्यात आहे का कोणी असं?” हे कौतुक चालू असतानाच एका शेळीने पुढे होऊन तो नमुना मुळासकट खाल्ला. तिने शेंग धरायची वाट बघितली नाही.

मोबाइलमधल्या ॲपशी काकांचं वैर असेल असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. एकदा कोणीतरी याच लाल फुलाचा फोटो ॲपला दाखवला आणि ॲपने निःशंकपणे ‘अ‍ॅडोनिस’ असं सांगितलं. अ‍ॅडोनिसच्याही काही जाती वर्षायू आणि लालभडक फुलांच्या, पण त्या राहतात भूमध्य समुद्राकडच्या गव्हाच्या शेतांत आणि कुळ त्याचं मोरवेलीचं. मंडळी हसली. काका म्हणाले, “हसू नका. रंग बरोबर सांगितलाय त्याने. होतकरू आहे.”

खरं वैर नाव सांगणाऱ्या गृहस्थांशीच. ते एकदा तयारी करून आले. “नुसत्या जीनसवर भागत असेल तर ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांना सांगा,” ते म्हणाले. “तिथे ही तुमची भुईगुळी खाऊन घोडे आजारी पडतात. बर्ड्सव्हिल या गावाच्या नावाने तो रोग ओळखतात. घोड्याने इंडिगोफेरा एवढ्यावर समाधान मानलं तर त्याचं काय होईल?” मुद्दा बिनतोड होता. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी टेकडीवरून चारी दिशांना नजर फिरवली आणि म्हणाले, “घोडा आला की सांगतो.”

या सगळ्यामागे काकांचं एक दैवत आहे: थिओडोर कुक. कुकसाहेब मूळचे इंजिनिअर. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालेल्या संस्थेचे, ते प्राचार्य होते. आणि त्यांनी लिहिली काय, तर मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची! ती १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाली आणि आजही महाराष्ट्रात झाड ओळखायला बसलेला माणूस तिच्यापाशी येतोच. काकांकडे तिचं पुनर्मुद्रण आहे. ते त्याला तेलकट हात लावू देत नाहीत. म्हणजे खिचडीनंतर कोणालाच लावू देत नाहीत. इंजिनिअर माणसाने लिहिल्यामुळे त्यात मापं आहेत, भावना नाहीत, असं ते अभिमानाने सांगतात. एकदा कोणीतरी खोडी काढली, “पण काका, कुकसाहेब तर स्पीशीजपर्यंत जायचे. ‘बॉम्बे फ्लोरा’ लिहिणाऱ्या डॅल्झेलच्या नावाने त्यांनी इंडिगोफेराची एक नवी जातसुद्धा जाहीर केली!” काका पुस्तक मिटत म्हणाले, “कुकसाहेबांनी शेंग बघितली असणार.”

जीनसवर मुक्काम ठोकण्यामागे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. दुसरी पदं बदलत राहतात. भुईगुळीलाच आधी एनिआफायला म्हणत, आता लिनेई म्हणतात. पहिलं पद मात्र अढळ. मंत्री बदलतात, सचिवालय राहतं, अशी या माणसाची श्रद्धा. तिला तडा गेला तो बाभळीमुळे.

बाभूळ म्हणजे अकेशिया, हे काका शाळेपासून म्हणत आलेले. या मोठ्या जीनसची वाटणी करायची ठरली आणि ‘अकेशिया’ हे नाव कोणाकडे ठेवायचं यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत मोठं रण पेटलं. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींना मिळालं आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ झाली वाचेलिया, खैर झाला सेनेगॅलिया. ही बातमी काकांपर्यंत पोचली त्यानंतरचे काही रविवार ते आलेच नाहीत. आले तेव्हा बाभळीसमोर उभे राहिले आणि कोणी न विचारता म्हणाले, “फॅबेसी.” जीनसवरून माघार घेऊन माणूस कुळावर आला होता. पुढे सगळा हिवाळा त्यांनी कुळाच्या खाली पाय ठेवला नाही. त्यातच नाव सांगणाऱ्या गृहस्थांनी, सांत्वन म्हणून असेल, त्यांना आठवण करून दिली की या कुळालाही फॅबेसी आणि लेग्युमिनोसी अशी दोन नावं आहेत आणि नियमाने दोन्ही चालतात. काका म्हणाले, “वनस्पती आहे एवढं तरी नक्की ना?”

त्यातून त्यांना काकूंनी बाहेर काढलं, तेही गवारीने. रिकामे बसलेत म्हणून काकूंनी त्यांच्यापुढे गवार निवडायला टाकली. काकांनी सवयीने भिंग लावलं आणि ओरडलेच. गवारीच्या शेंगेवर तेच केस! मधोमध चिकटलेले, दोन्हीकडे हात पसरलेले! गवार, म्हणजे सायमॉप्सिस, इंडिगोफेराच्या अगदी जवळच्या नात्यातली आहे हे त्यांनी वाचलेलं होतं. पण ते नातं असं स्वतःच्या ताटलीत सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “अगं, तू आजवर निळीची चुलत बहीण फोडणीला टाकत होतीस!” काकूंनी विचारलं, “मग आज टाकू की नको?” त्या दुपारी भाजीला उशीर झाला, पण रविवारी काका पुन्हा टेकडीवर जीनस सांगायला लागले.

मग मंडळाने टेकडीवरच्या रानफुलांची पुस्तिका काढायची ठरवली. कामं वाटून दिली. लाल, छोट्या, वर्षायू फुलांचं पान अर्थातच काकांकडे गेलं. फोटोवाल्या गृहस्थांनी अबोला बाजूला ठेवून पाच सुरेख फोटो दिले, न उडवलेल्या फुलांचे. काकांनी मुदतीच्या आत मजकूर दिला. पहिल्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘इंडिगोफेरा’. दुसऱ्याखाली, ‘इंडिगोफेरा, वेगळी’. तिसऱ्याखाली, ‘इंडिगोफेरा, याहून वेगळी’. चौथ्याखाली, ‘बहुधा पहिलीच’. पाचव्याखाली नुसती रेघ होती. संपादक समितीत दोन बैठका या पानावर झाल्या. दुसऱ्या बैठकीत खिचडीवाल्या गृहस्थांनीसुद्धा आवाज चढवला, आणि हे मंडळाच्या इतिहासात पूर्वी घडलेलं नव्हतं.

शेवटी सगळी पुस्तिका तपासायला वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे पाठवली. परत आली ती लालेलाल होऊन. कुठे सोनकीची जात चुकलेली, कुठे तेरड्याच्या फोटोखाली दुसऱ्याच तेरड्याचं नाव, कुठे स्पेलिंग, कुठे नुसतंच उद्गारचिन्ह. नाव सांगणाऱ्या गृहस्थांच्या पानावर तर छापील मजकूर शोधावा लागत होता. काकांच्या पानावर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. खाली पेन्सिलीने एक ओळ होती: ‘वाचकांकडून शेंगा मागवा.’

पुस्तिकेत तसं निवेदन छापलं आणि खाली काकांचा पत्ता दिला. मंडळातल्या कोणालाही त्यातून काही निष्पन्न होईल असं वाटलं नव्हतं. पण लोकांना अर्धवट सोडलेलं कोडं दिसलं की राहवत नाही. दिवाळीनंतर काकांच्या घरी पाकिटं यायला लागली. काडेपेटीत शेंगा, औषधाच्या डबीत शेंगा, लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यात शेंगा. पाचवीतल्या एका मुलीने तर प्रत्येक शेंगेबरोबर ती कुठे, कशा जमिनीत सापडली याचं टिपण जोडलं होतं. टेकडीवर इतकी वर्षं फिरून आमच्याकडे एवढ्या नोंदी कधी जमल्या नव्हत्या.

एका संध्याकाळी काकूंनी मंडळाला चहाला बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळ्या शेंगा ओळीने मांडून ठेवल्या होत्या. वाटोळ्या चंदेरी, आखूड, कडांना पंख असलेल्या. काकू म्हणाल्या, “धरल्या शेंगा. आता बोला.”

काकांनी भिंग काढलं. एकेक शेंग उलटसुलट करून बघितली. हुंकार दिले. चहा निवला. नाव सांगणारे गृहस्थ सुद्धा श्वास रोखून बसले होते. अखेर काकांनी भिंग पुसून खिशात ठेवलं.

“शेंगा उत्तम आहेत,” ते म्हणाले. “पण फूल कुठाय?”

काकू काही बोलल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी शेंगा फोडून बिया वेगवेगळ्या वाट्यांत काढल्या. या बियांचं कवच टणक असतं, सहजी रुजत नाहीत, असं काकांनी आरामखुर्चीतून बजावलं. काकूंनी त्यांच्याच हत्यारांच्या पेटीतून पॉलिश पेपर काढला, बिया त्यावर घासल्या आणि पाऊस पडल्यावर गच्चीतल्या कुंड्यांत पेरल्या. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची लाकडी काडी खोचून तीवर बॉलपेनने नाव लिहिलं. लिनिफोलिया. कॉर्डिफोलिया. लिनेई, भुईगुळी. ग्लँड्युलोसा, बरबडा. इतकी वर्षं झोपेत म्हटलेलं कोणीतरी जागेपणी ऐकत होतं.

भाद्रपदात एकाच रोपावर फुलंही होती आणि कोवळ्या शेंगाही. काका सबंध दुपार गच्चीत पालथे होते. काकूंची सगळी नावं बरोबर निघाली. काकांनी ते मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही. पेन्सिल घेऊन प्रत्येक काडीवर नावापुढे बारीकसं प्रश्नचिन्ह काढून ते खाली आले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी तोच पॉलिश पेपर घेतला आणि सगळी प्रश्नचिन्हं घासून टाकली.